पावसाळ्यात घर बंद करून गाडीने निघताना: बॅग सर्वांत शेवटी भरा

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारला लागून एखादी सुट्टी आली की अर्धं नाशिक कसारा घाट उतरायच्या तयारीला लागतं. कुणाला अलिबागला जायचं असतं, कुणाला तळकोकणात, कुणाला ठाण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडे. तयारीची पद्धत मात्र घरोघरी सारखीच. आठवडाभर आधी पलंगावर बॅगा उघड्या पडतात. आदल्या रात्री अकराला कुणीतरी विचारतं, "अरे, टायरमधली हवा बघितली का?" निघताना दूध फ्रिजमध्येच राहिल्याचं आठवतं आणि घोटीचा टोलनाका दिसला की गॅस बंद केला की नाही यावर गाडीत वाद सुरू होतो.

कामं सगळी होतात, पण उलट्या क्रमाने. ज्या कामाला टायरवाला, गॅरेजवाला किंवा प्लंबर अशा दुसऱ्या माणसाची वेळ लागते ते आधी उरकायचं. जे पूर्णपणे आपल्या हातात आहे ते नंतर. या हिशेबाने बॅग शेवटच्या संध्याकाळी येते, कारण कपडे रात्री बारालाही भरता येतात. झिजलेला टायर रात्री बाराला बदलून मिळत नाही.

पुढचा क्रम चार ते आठ दिवस घर बंद ठेवून स्वतःच्या गाडीने निघणाऱ्यांसाठी आहे. उन्हाळ्यात यातली काही कामं गाळली तरी चालतात, पावसाळ्यात नाही.

## टप्पा १: आठ दिवस आधी, गाडी

गॅरेजवाल्याकडे जाण्याआधी गाडी स्वतः बघा. "सगळं चेक करा" असं सांगून चावी दिली की ऑइल बदलून आणि गाडी धुऊन परत मिळते. काय बघायचं ते आपण सांगितलं तरच बघितलं जातं.

टायर. टायरच्या खाचांमध्ये आडवे, छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली. कायद्याने कारसाठी ती शेवटची मर्यादा आहे. पण साचलेलं पाणी बाजूला सारण्याचं काम ही खाचच करते, म्हणून पावसात घाट उतरायचा असेल तर त्या मर्यादेची वाट बघू नका. खाच ३ मिलिमीटरच्या आत आली असेल तर टायर बदलण्याचा विचार याच आठवड्यात करा.

मग टायरचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. गाडी कमी चालते म्हणून खाच भरपूर शिल्लक आहे, पण टायर सहा-सात वर्षांचा आणि भिंतीवर बारीक भेगा, असं शहरात वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत सर्रास दिसतं. असा टायर गंगापूर रोडवर चालून जातो. समृद्धी महामार्गावर ताशी १००-१२० च्या वेगात तासभर पळवायला तो घेऊन जाऊ नये.

हवा. किती भरायची हे पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुतेक दोन रकाने असतात: दोन-तीन माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. पाच माणसं आणि गच्च डिकी असेल तर दुसरा आकडा पाळायचा. हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी आणि पंप घरापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असावा.

सावधान: "हायवेला टायर तापतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवा" हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि त्यानेच टायर जास्त तापतो. वाटेत थांबल्यावर तापलेल्या टायरची हवा दोन-चार पीएसआय वाढलेली दिसेल. ती सोडू नका; तेवढी वाढ स्टिकरवरच्या आकड्यात धरलेलीच असते.

स्टेपनी आणि पान्हा. हे काम जवळजवळ कुणीच करत नाही, म्हणून याला जरा वेळ द्या. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळतात की गाडीसोबत आलेल्या छोट्या पान्ह्याने ते हलतही नाहीत. ही गोष्ट भर पावसात, रस्त्याच्या कडेला कळण्यापेक्षा आपल्या पार्किंगमध्ये कळलेली बरी.

१. स्टेपनी बाहेर काढा आणि तिची हवा मोजा. काही सात-आसनी गाड्यांत ती खाली लटकवलेली असते आणि तिचा बोल्ट चिखलाने गंजून बसतो. तो एकदा फिरवून, तेल देऊन ठेवा.

२. गाडी जमिनीवरच ठेवून प्रत्येक चाकाचा एक-एक नट पान्ह्याने सैल करून बघा आणि लगेच परत आवळा. हलत नसेल तर टायरवाल्याकडे जाऊन हाताच्या पान्ह्याने आवळून घ्या.

३. अलॉय व्हीलला चोरीपासून बचावाचा वेगळा नट असेल तर त्याची चावी शोधा. ती नेमकी घरातल्या ड्रॉवरमध्ये असते.

४. जॅक लावायची जागा बघून ठेवा. दाराखालच्या पट्टीला पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ खाच असते, तीच जागा. इकडेतिकडे लावला तर पत्रा दबतो किंवा जॅक सटकतो.

चाक बदलण्याचा क्रमही घरच्या मोठ्या मुलाला दाखवून ठेवा. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड. नट अर्धा फेरा सैल करायचे आणि मगच जॅक चढवायचा. चाक बसवल्यावर नट एकाआड एक, चांदणीच्या आकारात हाताने बसवायचे आणि गाडी खाली आल्यावर पूर्ण आवळायचे. बरेच जण आधी गाडी उचलतात आणि मग नटांशी झटापट करतात. चाक हवेत गरगर फिरतं, जॅक डुलायला लागतो.

वायपर आणि काच. वायपर रेघा ओढत असेल तर पट्टी लगेच बदलू नका. आधी ओल्या फडक्याने पट्टीची धार पुसा. फडकं काळं होईल. मग काच भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने धुवा आणि साध्या पाण्याने भरपूर खळखळा. काचेवर धुराचा, तेलाचा पातळ थर बसलेला असतो. दिवसा तो दिसत नाही, पण रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी होते. एवढं करूनही रेघ राहिली तर पट्टी बदला. ट्रकवाल्यांचा काचेवर कापलेला बटाटा चोळायचा उपाय वायपर बंद पडल्यावर थोडा वेळ निभावतो, पण तो वाटेतला तोडगा आहे, तयारी नव्हे.

ब्रेक, हेडलाइट, ब्रेकलाइट, हॉर्न, बॅटरी हे गॅरेजमध्ये नावं घेऊन सांगा. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर भार देऊन तपासायला सांगा. टर्मिनलवर पांढरट-हिरवट पावडर जमली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने साफ होते. वायर काढताना आधी ऋण टोक, लावताना ते शेवटी.

तपासणी: गाडी गॅरेजमधून आल्यावर चार दिवस रोजच्या कामाला वापरा. काही सैल राहिलं असेल तर सिडको-सातपूरच्या फेऱ्यांत कळू दे. निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून आणणं म्हणजे घाटातच त्याची चाचणी घेणं.

## टप्पा २: पाच दिवस आधी, कागद आणि फास्टॅग

हे अर्ध्या तासाचं काम आहे. पीयूसी आणि विमा यांच्या तारखा बघा. पीयूसी संपलेली बहुतेकांना चौकात थांबवल्यावरच कळते. लायसन्स, आरसी, विमा डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असले तर ते ग्राह्य धरले जातात, पण घाटात रेंज जाते. म्हणून एकदा ॲप उघडून कागद दिसतात का ते घरी बघा आणि आरसीची झेरॉक्स गाडीत ठेवा.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत एवढं बघून थांबू नका. टॅग चालू आहे की केवायसीमुळे अडकलाय, हे बँकेच्या ॲपमध्ये तपासा. टॅग चालला नाही तर जादा टोल पडतो. वार्षिक पास घेतलेल्यांची एक गल्लत नेहमी होते. तो पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या नाक्यांवर चालतो. समृद्धी राज्याचा रस्ता आहे, तिथे टॅगमधल्या शिलकीतूनच पैसे कापले जातात. इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत समृद्धीने जाणार असाल तर पास असूनही शिल्लक ठेवा.

## टप्पा ३: तीन दिवस आधी, घरातला ओलावा

बंद घराचा पावसाळ्यात खरा शत्रू चोर नसून दमटपणा असतो. चोरासाठी कुलूप असतं. बुरशी आतच बसलेली असते.

१. धुणं. शेवटचं मशीन तीन दिवस आधी लावा. आदल्या दिवशी धुतलेले कपडे सुकत नाहीत आणि दोरीवर किंवा मशीनमध्ये तसेच राहतात. परत आल्यावर तो वास दोनदा धुऊनही जात नाही. मशीनचं झाकण उघडं ठेवून जा.

२. कपाटं. चामड्याचे पट्टे, बूट, पर्स कोरड्या फडक्याने पुसून कपाटात थोड्या अंतराने ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, बुरशी आतच धरते. भिंतीला चिकटलेलं लाकडी कपाट असेल तर चार बोटं पुढे ओढा.

३. धान्य आणि भाजी. डबे एकदा उघडून बघा. तांदळात किडा दिसला तर परत आल्यावर बघू असं म्हणू नका, तेवढ्यात तो शेजारच्या रव्यात गेलेला असतो. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, एकमेकांच्या संगतीत दोन्ही लवकर खराब होतात. कांद्याच्या जिल्ह्यात राहून कांदा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणारी घरं बरीच आहेत. त्याला वारा लागतो. जाळीच्या पिशवीत टांगा.

४. फ्रिज. आठ दिवसांपर्यंत फ्रिज चालू ठेवणं सोपं पडतं, पण तो रिकामा करायला तीन दिवस आधीच सुरुवात करा. त्या तीन दिवसांत नवी भाजी आणायची नाही, आहे ते संपवायचं. दूध, ताक, पनीर, भिजवलेली कडधान्यं, कापलेली फळं, उरलेली भाजी यातलं काही ठेवून जायचं नाही. लोणचं, जॅम, मसाले राहू द्या.

आता फ्रिजची युक्ती. पावसाळ्यात वीज जाते आणि येते. आपण परतलो तेव्हा फ्रिज थंडच असतो, पण मधे तो दहा तास बंद होता का हे कळत नाही. एका छोट्या वाटीत पाणी भरून फ्रीझरमध्ये त्याचा पूर्ण बर्फ होऊ द्या. मग त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी तशीच फ्रीझरमध्ये ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नाही. तळाशी असेल तर सगळा वितळून पुन्हा गोठलाय. फ्रीझरमधलं अन्न टाकून द्या. घाईत नाणं पाण्यात टाकून वाटी आत ठेवू नका, ते पहिल्या क्षणीच तळाला जातं आणि परत आल्यावर विनाकारण सगळं फेकलं जातं. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या: हे नाणं फ्रीझरबद्दल सांगतं. खालचा कप्पा त्याच्या बराच आधी गरम होतो. म्हणून नाणं थोडं जरी रुतलेलं दिसलं तरी खालच्या कप्प्यातल्या नाशवंत पदार्थांवर विश्वास ठेवू नका.

५. जाळ्या. बाथरूममधल्या मोरीच्या जाळीवर एक-एक तांब्या पाणी ओता आणि वर फरशीचा तुकडा किंवा वजन ठेवलेलं प्लॅस्टिक झाका. वास आणि झुरळं थांबतात. बाल्कनीची आणि गच्चीची जाळी मात्र पूर्ण मोकळी हवी. लोक नेमकं उलट करतात. आतली उघडी राहते आणि बाल्कनीच्या तोंडाशी कुंड्या एकत्र करून ठेवलेल्या असतात. दोन दिवसांच्या झडीत पानं जाळीवर बसतात, पाणी तुंबतं आणि दाराच्या फटीतून हॉलमध्ये येतं. कुंड्या लांब सरकवा, जाळीवरचा पाला काढा, एक बादली पाणी ओतून ते झरझर जातं का बघा. जात नसेल तर प्लंबर बोलावायला अजून तीन दिवस आहेत. हे काम या टप्प्यात ठेवण्याचं कारण हेच.

६. माणसं. कामाच्या मावशी, दूधवाला, पेपरवाला यांना आजच सांगा. आदल्या रात्रीच्या मेसेजने दूध थांबत नाही आणि दारात पडलेले चार पेपर सगळ्या मजल्याला सांगतात की घरी कुणी नाही. एक चावी शेजारी द्या. तुळशीला पाणी घालायला सांगत असाल तर "माती कोरडी दिसली तरच" हे शब्द जरूर सांगा. पावसाळ्यात कुंडीतली झाडं प्रेमाने जास्त मरतात.

तपासणी: ओला कचरा शेवटच्या घंटागाडीला जाईल असा हिशेब आताच करा. निघण्याच्या दिवशी घंटागाडी तुमच्या गल्लीत येण्याआधी तुम्ही निघणार असाल तर आदल्या दिवशीच डबा रिकामा करून धुऊन पालथा घाला.

## टप्पा ४: आदल्या संध्याकाळी, बॅगा आणि डिकी

आता बॅगा. काय न्यायचं ते तुम्हाला माहीत आहे. इथे चूक भरण्याच्या क्रमात होते.

बहुतेक गाड्यांत स्टेपनी, जॅक आणि पान्हा डिकीच्या तळाशी, म्हणजे सगळ्या सामानाच्या खाली जातात. पंक्चर झालं की भर पावसात चार बॅगा रस्त्यावर ठेवाव्या लागतात. स्टेपनी हलवता येत नाही, पण जॅक, पान्हा, हातमोजे, टॉर्च, जुना रेनकोट आणि इशाऱ्याचा लाल त्रिकोण एका पिशवीत काढून पुढच्या सीटखाली ठेवता येतात. बसायला एक जुनं पोतं किंवा प्लॅस्टिकचा कागदही त्यात टाका.

जड बॅग डिकीत तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. हलकं वर. मागच्या काचेसमोरच्या फळीवर काही ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली पुढच्या माणसाच्या डोक्यावर येते. छत्र्या, रेनकोट, चपला, टॉवेल हे दारापाशी हाताला लागेल असं. सुका खाऊ आणि औषधांची पिशवी मधल्या सीटवर.

उलटीचा त्रास असणाऱ्यांसाठी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, निघण्याच्या आधी द्यायची असते. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी घाट संपल्यावर लागू पडते. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये, झोप येते. अशा मुलाला पुढे नजर जाईल असं बसवा, मोबाइल काढून घ्या. आणि निघताना झणझणीत मिसळ हा नाशिककरांचा हक्क असला तरी घाट उतरण्याच्या दिवशी तो परतीसाठी राखून ठेवावा. सकाळी पोहे किंवा इडली खाऊन निघा.

इंधन आदल्या संध्याकाळीच भरा. सीएनजीवाल्यांनी तर नक्कीच. सुट्टीच्या सकाळी पंपावरची रांग बघूनच अर्धा उत्साह जातो. त्याच फेरीत हवा पुन्हा मोजा, भरलेल्या गाडीचा आकडा धरून.

सावधान: आदल्या रात्री चालवणाऱ्या माणसाला कामाला लावू नका. डिकी दुसऱ्याने भरावी, त्याने झोपावं.

## टप्पा ५: निघण्याची सकाळ

या सकाळी फक्त चार गोष्टी उरायला हव्यात आणि त्या याच क्रमाने.

पाणी. आधी गिझर बंद. मग फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करा. तो बहुधा डक्टमध्ये किंवा बाथरूमच्या वर असतो. आता स्वयंपाकघरातला नळ उघडा. धार बारीक होत थांबली पाहिजे. थेंब-थेंब सुरूच राहिलं तर कॉक खराब आहे; निदान फ्लशच्या टाकीचा आणि बेसिनखालचा कॉक वेगळा बंद करा. बंगल्यात मोटरचा स्विच बंद. ऑटोमॅटिकवर ठेवून गेलेली मोटर आणि अडकलेला फ्लोट यांची जोडी गच्चीवरून पाण्याचा धबधबा काढते.

गॅस. शेवटचा चहा झाला की बर्नर पेटता ठेवूनच रेग्युलेटरची कळ बंद करा. नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते. मग शेगडीचा कान बंद करा. जास्त दिवसांसाठी जात असाल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरवर टोपी बसवा. पाइप गॅस असेल तर ओट्याजवळची कळ पाइपला आडवी आली की बंद झाली.

वीज. फ्रिज चालू ठेवायचा असेल तर मेन बंद करता येत नाही, म्हणून मेनच्या डब्यातले छोटे स्विच, म्हणजे एमसीबी, एक-एक करून बंद करा आणि फ्रिजचा तेवढा ठेवा. कोणता एमसीबी कशाचा हे लिहिलेलं नसतं. आज शोधून त्यावर चिकटपट्टी लावा, हे काम आयुष्यात एकदाच करावं लागतं. टीव्ही, राउटर, संगणक यांचे प्लग सॉकेटमधून काढा. विजा कडाडतात तेव्हा नुसता बंद केलेला स्विच पुरत नाही. इन्व्हर्टरची गंमत वेगळी आहे. काही जण मेन पाडतात आणि इन्व्हर्टर चालूच ठेवतात. त्याला वाटतं वीज गेली, मग बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत तो काम करत राहतो. मेन बंद करत असाल तर इन्व्हर्टरही त्याच्या स्विचने बंद करा.

कुलूप. बाहेरून भलंमोठं कुलूप लटकवण्यापेक्षा दारातलं आतलं लॉक लावा. बाल्कनीचं दार आणि बाथरूमची छोटी खिडकी बघूनच बाहेर पडा. या दोन्ही नेहमी राहतात.

तपासणी: प्रत्येक गोष्ट बंद केली की मोबाइलवर तिचा फोटो काढा: गिझरचा स्विच, रेग्युलेटर, एमसीबीचा डबा, लागलेलं लॉक. घोटीला शंका आली की फोटो उघडायचा. शेजाऱ्यांना फोन करून दार उघडायला लावायचं नाही.

## टप्पा ६: वाटेत

पावसाळ्यात इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत सकाळी ढग रस्त्यावर उतरलेले असतात. तिथे सर्वांत जास्त गोंधळ काचेचा होतो. काच पांढरी झाली की लोक एसीच्या सगळ्या कळा दाबून बघतात. आधी धुकं काचेच्या कोणत्या बाजूला आहे ते ठरवा: वायपर एकदा फिरवा.

१. वायपरने काच साफ झाली तर दव बाहेरून धरलंय. एसीमुळे काच जास्त गार झाली आहे. तापमान वाढवा, काचेकडे जाणारा वारा बंद करा, वायपर अधूनमधून फिरवा.

२. वायपरने फरक पडला नाही तर दव आतून आहे, माणसांच्या श्वासाचं आणि ओल्या कपड्यांचं. एसी चालू, वारा काचेकडे, आतलीच हवा फिरवणारी कळ बंद करून बाहेरची हवा आत. तापमान जरा गरम ठेवलं तर लवकर सुटतं.

हाताने काच पुसू नका. तेलकट पट्टे उठतात आणि रात्री तेच चमकतात.

धुक्यात दिवे डीपरवर. अपर लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालवण्याची सवय सोडा. मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय ते कळत नाही. ते दिवे गाडी उभी करावी लागली तरच.

घाट उतरताना न्यूट्रल कधीही नाही. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून लावा. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि पकड सोडतो. ऑटोमॅटिक गाडीतही हाताने खालचा गिअर किंवा एल निवडता येतो. ती कळ कुठे आहे ते घरीच बघून ठेवा. धबधब्याजवळ फोटोसाठी किंवा कणसासाठी घाटात गाडी उभी करू नका. वरून दगड सुटतात आणि मागून ट्रक येत असतो. कणीस इगतपुरीत खा.

समृद्धीने गेलात तर इगतपुरीजवळचा लांब बोगदा लागतो. आत शिरण्याआधीच हेडलाइट लावा, गॉगल काढा. बाहेरच्या गार पावसातून आत गेल्यावर काच एकदम धूसर होऊ शकते. वरचीच वायपरची परीक्षा तिथेही लागू. कारला ताशी १२० ची मर्यादा कोरड्या रस्त्यासाठी समजा. पाणी साचलेलं असताना स्टिअरिंग एकदम हलकं वाटलं तर टायर पाण्यावर तरंगताहेत. ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा.

पंक्चर झालं तर गाडी पूर्ण कडेला, चारही इंडिकेटर, त्रिकोण किमान ५० मीटर मागे, आणि माणसं गाडीत नाही तर कठड्यापलीकडे. वाहतुकीच्या बाजूचं चाक असेल आणि जागा अरुंद असेल तर स्वतः बदलायचा हट्ट सोडा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा उपटू नका. तो आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं.

सावधान: रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालू नका. साचलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर त्या एका स्टार्टने ते आतून मोडतं आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही. ढकलून बाहेर काढा, टो करून न्या.

परतीच्या दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असल्याची बातमी आधी बघा. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कंबरेला, हे सगळं गाव पाहत असतं, पण पाहुण्यांना दाखवायला म्हणून रामकुंड परिसरात गाडी लावू नका. गोदाघाटावर उभ्या गाड्या पुरात अडकतात, त्यातल्या बऱ्याच अशाच 'पाच मिनिटांसाठी' लावलेल्या असतात.

## टप्पा ७: परत आल्यावर

दार उघडल्यावर पहिलं काम दिवा लावणं नाही. आधी नाकाने बघा. गॅसचा वास आला तर कोणताही स्विच चालू-बंद करू नका, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन लावा. वास नसेल तर खिडक्या, मग दिवे, मग पाण्याचा कॉक अर्धा उघडून नळ सोडा. पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या. गिझर नळाला गरम पाण्याच्या बाजूने धार आल्यावरच चालू करा.

फ्रीझरमधलं नाणं बघा आणि त्याप्रमाणे ठरवा.

गाडीतल्या मॅट त्याच दिवशी बाहेर काढून उभ्या वाळत घाला आणि खालचा गालिचा हाताने दाबून बघा. ओला लागला तर दारं उघडी ठेवून पंखा लावा, नाहीतर कुबट वास दिवाळीपर्यंत सोबत करतो. पावसात भिजून उभी राहिलेली गाडी दुसऱ्या दिवशी हलवताना ब्रेकमधून खरखर ऐकू येते. तो डिस्कवरचा पातळ गंज असतो आणि चार-दोन ब्रेकमध्ये जातो. दोन दिवसांनीही आवाज राहिला तर गॅरेज गाठा. घाटात वापरलेली स्टेपनी असेल तर फाटलेला टायर डिकीत घेऊन फिरू नका, दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. सीटखालची पिशवी रिकामी करून जॅक आणि पान्हा पुसून जागेवर ठेवा, त्रिकोण वाळवा आणि टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा.